पाणी लागले

नळाच्या तोंडाला फडके बांधायची पद्धत आता शहरांतून जवळजवळ गेली. तरी चाळीतल्या किंवा वाड्यातल्या सामायिक नळाला गुंडाळलेले, पांढऱ्याचे पिवळे झालेले ते फडके पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असेल. बहुधा आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा असे तो. पावसाळ्यात चार दिवसांनी सोडला की आत गाळाचा गोळा निघे, कधी एखादी वळवळणारी अळी. ती पाहून घरातल्या बायका समाधानाने म्हणत, "बघा, हे सगळं पोटात गेलं असतं." पुढे विज्ञान शिकलेल्या पिढीने या फडक्याची थट्टा केली. जंतू म्हणजे काय तांदळातले खडे आहेत चाळणीत अडकायला, असा युक्तिवाद होता, आणि वरकरणी तो बिनतोडही होता.

२००३ मध्ये या थट्टेला एक अनपेक्षित उत्तर मिळाले. बांगलादेशात मतलब नावाचा एक भाग आहे (नाव वाचून हसू येते, पण तिथले कॉलऱ्याचे संशोधन जगभर मानले जाते). तिथल्या ६५ खेड्यांत रीटा कोलवेल या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांना एवढेच शिकवले, की जुनी सुती साडी चार-पाच पदरी करून घागरीच्या तोंडावर धरा आणि पाणी त्यातून गाळा. गाळणाऱ्या घरांत कॉलरा जवळजवळ निम्म्याने घटला. कारण असे, की कॉलऱ्याचा जंतू पाण्यात सुटा फिरतोच असे नाही. सायक्लॉप्ससारख्या बारीक जलचरांच्या अंगाला तो मोठ्या संख्येने चिकटून राहतो, आणि हे जलचर फडक्यात अडकतात. त्यातही नव्या कापडापेक्षा जुने बरे. वापरून वापरून धाग्यांची लव सुटलेली असते, भोके बारीक झालेली असतात. आजीला सायक्लॉप्स ठाऊक नव्हता. पण गाळायला जुनेच लुगडे घ्यायचे, हे ठाऊक होते.

मात्र निम्मा कॉलरा थांबला याचा दुसरा अर्थ निम्मा थांबला नाही, असाही होतो. आणि फडक्यातून, तुरटीतून, खळखळत्या उकळीतूनही बिनबोभाट पार होणारा आणखी एक पाहुणा पाण्यात असू शकतो, तो तर या हिशेबात आलेलाच नाही. "पाणी शुद्ध आहे का?" हा प्रश्न आपण एक समजून विचारतो. ते दोन प्रश्न आहेत. पाण्यात जिवंत काय आहे, हा एक. पाण्यात विरघळलेले काय आहे, हा दुसरा. पहिल्याचे औषध दुसऱ्याला चालत नाही. कधी कधी तर पहिल्याचे औषध घ्यायला गेल्यानेच दुसरे दुखणे ओढवते. आपल्या देशात गेल्या पन्नास-साठ वर्षांत नेमके हेच घडले, आणि महाराष्ट्राच्या पूर्वेकडच्या काही तालुक्यांत ते आजही लोकांच्या दातांवर आणि हाडांत लिहिलेले आहे.

सुरुवात करावी लागते ती बारवेपासून. पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायचे, पाय बुडवून घागर भरायची. चित्रात ही बारव फार देखणी दिसते. पण त्याच सायक्लॉप्सच्या पोटात नारूच्या अळ्या असत. ते पाणी प्यायले की साधारण वर्षभराने माणसाच्या पायावर फोड येई, तो फुटे आणि त्यातून शेवयासारखा पांढरा, हात-दीड हात लांब जंत बाहेर डोकावे. तो एकदम ओढायचा नाही, तुटला तर पाय सडे. काडीला गुंडाळून रोज बोटभर काढायचा, आठवडेच्या आठवडे. ऐन पेरणीत घरचा कर्ता माणूस असा पायाला काडी बांधून ओसरीवर बसलेला असे. त्या फोडाची आग थांबावी म्हणून तो बारवेच्या पाण्यात पाय बुडवी, आणि तिथे जंत हजारो नव्या अळ्या सोडून देई. वर्तुळ पुरे.

या नारूवर लस नव्हती, गोळी नव्हती. १९८३-८४ पासून देशभर मोहीम चालली ती अगदी साध्या साधनांनी: पाणी गाळा, रोग्याला बारवेत उतरू देऊ नका, बारवेच्या पायऱ्या बंद करून तिची रहाटाची विहीर करा, सायक्लॉप्स मारणारे औषध टाका, आणि जमेल तिथे हापसा बसवा. देशातला शेवटचा रोगी १९९६ च्या जुलैत राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला. २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. देवीनंतरचा हा एवढा मोठा विजय, पण त्याची आठवण आपल्याकडे फारशी कोणी काढत नाही.

यातला हापसा हा तर जवळजवळ आपल्या घरचाच. साठच्या दशकात जालन्याच्या ख्रिस्ती मिशनने कूपनलिका खोदायचे काम हाती घेतले, तेव्हा परदेशी बनावटीचे बिडाचे पंप वर्षभरही टिकत नसत. एका घरासाठी केलेला पंप तो. त्याला दोनशे घरांची हापसाहापशी कशी सोसणार? मग जालन्यात आणि पुढे सोलापुरात दणकट पोलादी पंप तयार झाले. त्या सोलापूर पंपावरूनच युनिसेफच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकाच्या शेवटी 'इंडिया मार्क टू' हा पंप आला आणि पुढे आफ्रिकेपर्यंत गेला. दरम्यान बहात्तरचा दुष्काळ येऊन गेला होता. विहिरी कोरड्या पडल्या होत्या, खोदयंत्रे गावोगाव फिरत होती, आणि दीडशे-दोनशे फुटांवर पाणी लागले की गाव नारळ फोडत होते.

हे पाणी थंड, काचेसारखे नितळ. त्यात गुरे उतरत नाहीत, कपड्यांचा साबण पडत नाही, वरून पालापाचोळा येत नाही. लंडनमध्ये १८५४ साली डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या कॉलऱ्याचे मूळ तिथल्या हातपंपात शोधले होते. पण तो पंप उथळ विहिरीवरचा होता आणि शेजारच्या शौचकुंडाचे पाणी तिच्यात झिरपत होते. आपला हापसा खोल खडकातून पाणी काढतो. जंतूंच्या दृष्टीने तो खरोखरच मोठी सुधारणा होता. त्याने किती मुलांचे हगवणीपासून प्राण वाचवले असतील याची मोजदाद नाही. पुढे जे लिहिणार आहे, ते वाचून कोणी हापशालाच नावे ठेवू नयेत, म्हणून हे आधी सांगितले.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्टवर उभा आहे आणि त्यातल्या पाण्यात सहसा फ्लोराइड फार नसते. पण पूर्वेकडे जसजसे जावे तसतसा खडक बदलतो. नांदेडचा किनवट, यवतमाळचा पांढरकवडा, चंद्रपूरचा वरोरा या पट्ट्यात बेसॉल्टखालचे किंवा बेसॉल्टपलीकडचे जुने खडक लागतात. काही ठिकाणी ग्रॅनाइट आहे, काही ठिकाणी चुनखडी नाही तर वाळूचा खडक. फ्लोराइड असलेली खनिजे खडकात असली आणि पाणी खाली वर्षानुवर्षे मुरत पडलेले असले, की ते थोडे थोडे विरघळत राहते. जितके खोल जावे तितके ते पाणी जुने, आणि अनेकदा तितके फ्लोराइड अधिक. वरच्या उथळ विहिरीत दर पावसाळ्यात ताजी भर पडते, म्हणून तिथे ते बहुधा कमी असते. आता विचार करा. ज्या विहिरीला आपण गढूळ म्हणून सोडले तिच्यात जंतू होते पण फ्लोराइड कमी होते. आणि ज्या हापशाला नितळ म्हणून जवळ केले त्यात जंतू कमी होते आणि फ्लोराइड जास्त.

१९८८ च्या सुमारास मी या पट्ट्यातल्या एका बाजाराच्या गावी बँकेच्या शाखेत होतो. शाखा म्हणजे एका कापूस व्यापाऱ्याच्या घराच्या दोन खोल्या. मुलांना बचतीची सवय लागावी म्हणून जवळच्या खेड्यातल्या शाळेचे गुरुजी एकदा पंचवीस-तीस मुले घेऊन आले. प्रत्येकाच्या मुठीत दोन-पाच रुपये. शिपायाने काही तरी विनोद केला आणि सगळी पोरे हसली. हसताना जवळजवळ प्रत्येकाचा हात तोंडावर गेला. मुलींचाच नव्हे, मुलांचाही. हात खाली आले तेव्हा दिसले, की दात खडूसारखे पांढुरके आणि त्यांवर पिवळ्या-तपकिरी आडव्या रेघा. गुरुजी ओशाळून म्हणाले, "काय सांगू साहेब, या गावची कार्टी दातच घासत नाहीत. पदरच्या पैशानं दंतमंजन वाटलंय मी." गुरुजी सातारकडचे, मनाने भले. त्यांचे स्वतःचे दात शुभ्र होते, आणि त्याचे श्रेय ते दंतमंजनाला देत होते.

त्याच गावचा एक शेतकरी बोअरच्या कर्जासाठी येत असे. वय पंचेचाळीसच्या आसपास. कोणी हाक मारली की त्याची मान वळत नसे. तो अख्खा वळे, कपाट वळवावे तसा. बाकड्यावर बसताना दोन्ही हात टेकून बसे. "वात हाय साहेब, आमच्याकडं समद्यान्लाच हाय," एवढेच म्हणे. त्याच्या कर्जाची फाइल मला आजही पानन् पान आठवते. भूगर्भतज्ज्ञाचा दाखला, खोली किती, केसिंग किती, ताशी किती गॅलन पाणी, पंप किती अश्वशक्तीचा, त्यावर किती एकर भिजेल, किती वर्षांत फेड. सगळ्याला रकाना होता. त्या पाण्यात काय आहे, याला रकाना नव्हता. तो कोणत्याच बँकेच्या अर्जात नव्हता आणि सरकारी योजनेच्या छापील नमुन्यातही नव्हता. पाणी म्हणजे पाणी. लागले की लागले. मराठीत या शब्दाचे दोन अर्थ आहेत. खोदल्यावर पाणी लागते, आणि परगावचे पाणी बाधले तरी आपण पाणी लागले म्हणतो. त्या गावाला ते दोन्ही अर्थांनी लागले होते.

त्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण मर्यादेच्या कितीतरी वर असल्याचे पुढे तपासणीत निघाले. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक; दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावे. त्याहून अधिक पाणी लहानपणी पोटात जात राहिले, तर हिरडीच्या आत दात घडत असतानाच त्यांचा थर बिघडतो. साधारण आठ वर्षांच्या आत हे होऊन जाते. म्हणजे दात बाहेर येतो तोच डाग घेऊन. तो घासून जाण्याचा प्रश्नच नाही. प्रमाण बरेच वाढले आणि दहा-वीस वर्षे तेच पाणी चालू राहिले, तर हाडे आणि सांध्यांचे बंध कडक होत जातात. मान, कंबर, गुडघे. झालेले नुकसान परत फिरत नाही. दूध, हिरव्या भाज्या, आवळा-लिंबू खाणाऱ्याला त्रास कमी होतो, म्हणजे इथेही गरिबालाच जास्त. आणि मुलींचे काय होते, ते आकडेवारीत सापडणार नाही. स्थळ बघायला आलेले लोक मुलीचे दात बघून चहा न घेता परत जात, आणि "त्या गावची पोरगी नको" हा शेरा बाजारातून माझ्या कानावर अनेकदा आला होता.

यावर तालुक्याच्या दवाखान्यातला सल्ला ठरलेला: पाणी उकळून प्या. जंतूंसाठी हा सल्ला उत्तम आहे. पाण्याला खळखळून उकळी फुटली आणि ती मिनिटभर टिकली, की रोग पसरवणारे बहुतेक सगळे जंतू मरतात. वीस-वीस मिनिटे गॅस जाळायची गरज नाही. पण फ्लोराइड काही जिवंत नव्हे मरायला. वाफ होऊन जाते ते पाणी, फ्लोराइड भांड्यातच राहते. आमटी आटवत ठेवली की खारट होते, तोच प्रकार. नायट्रेटचेही तसेच. खताचे आणि शौचालयाच्या खड्ड्याचे अंश झिरपून ते विहिरीत येते. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेले, की बाटलीचे दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलाचे रक्त प्राणवायू वाहून नेण्यात कमी पडते आणि ते निळसर दिसू लागते. अशा घरातली आई बाळासाठी पाणी अधिक काळजीने, अधिक वेळ उकळते, आणि त्यामुळेच ते अधिक वाईट करते.

हे दुखणे केवळ आपल्या चार तालुक्यांचे नव्हे. फ्लोराइडच्या विकाराची देशातली पहिली नोंद १९३७ ची, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातली. आणि बंगालमध्ये तर हीच कथा फार मोठ्या प्रमाणावर घडली. तळ्या-पोखरांचे पाणी पिऊन कॉलरा-हगवण होते म्हणून दोन्ही बंगालांत लाखो नळकूप बसवले. १९८३ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे तळहातांवर काळे डाग आणि खडबडीत गाठी आलेले खेडूत येऊ लागले. शोध घेता ते नळकूपाच्या पाण्यातले आर्सेनिक निघाले. आर्सेनिक म्हणजे आपला सोमल! बांगलादेशातल्या या प्रकाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २००० साली इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा म्हटले गेले. पुढे तिथे लाखो नळकूप तपासून विषारी ते लाल आणि चांगले ते हिरवे रंगवले. लाल पंपाचे पाणीही नितळच दिसे, चवीलाही काही कळत नसे. कळायचा तो फक्त रंग.

मग उपाय काय? एक उपाय नागपूरचाच आहे. तिथल्या 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेने सत्तरच्या दशकात फ्लोराइड काढायची एक रीत बसवली आणि तेव्हाच्या आंध्रातल्या पीडित जिल्ह्याच्या नावावरून ती 'नळगोंडा पद्धत' म्हणून ओळखली गेली. तिचे साहित्य ऐकून गृहिणींना आश्चर्य वाटेल: तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर. तुरटी पाण्यात विरघळून तिचे मऊ पुंजके होतात, ते खाली बसताना फ्लोराइड बरोबर घेऊन बसतात. चुन्याने पाण्याचा आंबटपणा आवरतो आणि पुंजके नीट जमतात. घरच्या घरी मोठ्या बादलीतही करता येते; हळूहळू ढवळायचे, तासभर निवू द्यायचे, वरचे पाणी अलगद काढून घ्यायचे. पण इथे तुरटीचा खडा दोन वेळा फिरवून भागत नाही. गढूळपणासाठी लागते त्याच्या अनेकपट तुरटी लागते, आणि ती किती, हे पाण्यातले फ्लोराइड आणि पाण्याची क्षारता मोजूनच ठरते. तळाशी उरलेला गाळ परत विहिरीजवळ टाकला तर केले ते पाण्यात. हे सगळे रोज, बारा महिने, न चुकता. रोजगाराला सकाळी सहाला निघणाऱ्या बाईने ते करावे अशी अपेक्षा ठेवणाऱ्याने आधी तिच्या घरी एक आठवडा राहून बघावे.

म्हणून माझे मत, आणि ते मी अनेक गावे पाहून बनवले आहे, की फ्लोराइडच्या गावात पाणी शुद्ध करण्यापेक्षा पाणी बदलणे बरे. धरणाचे किंवा नदीचे पाणी नळाने आणता आले तर सर्वांत चांगले. ते होईपर्यंत, गावातली जुनी उथळ विहीर तपासून पाहावी. तिच्यात फ्लोराइड कमी निघाले, तर तिचा गाळ काढावा, कठडा बांधावा, झाकण बसवावे, शौचालयाचे खड्डे पंधरा मीटरच्या आत येऊ देऊ नयेत, आणि नियमाने टीसीएल पावडर टाकून पिण्यापुरते पाणी तिचे घ्यावे. हापसा धुण्याभांड्याला राहू द्यावा. पावसाचे पाणी स्वच्छ पत्र्यावरून टाकीत साठवले तर त्यात फ्लोराइड जवळजवळ नसते. दुसरा मार्ग नसेल, तर गावाच्या पातळीवर आरओ यंत्र. त्यातल्या बारीक पडद्यातून फ्लोराइड, आर्सेनिक, नायट्रेट मोठ्या प्रमाणात अडते.

आरओचे नाव निघाले, म्हणजे शहरी वाचक सरसावून बसतील. ज्या गावाला त्याची खरी गरज, तिथे ते बंद पडलेले असते, आणि जिथे धरणाचे गोडे पाणी येते तिथे घरोघरी भिंतीवर टांगलेले असते. एक लिटर पाणी देताना ते अनेकदा दोन-तीन लिटर मोरीत सोडून देते. विक्रेत्याची एक हुकमी युक्ती असते. तो तुमच्या नळाचे पाणी एका पेल्यात आणि यंत्राचे दुसऱ्या पेल्यात घेतो, दोन्हीत विजेच्या कांड्या बुडवतो. पाहता पाहता तुमच्या पेल्यात तपकिरी घाण तरंगू लागते आणि त्याचा पेला स्वच्छ राहतो. वहिनी हादरतात, चेकबुक निघते. ती घाण पाण्यातली नसते, कांडीच्या लोखंडाची असते! नळाच्या पाण्यात थोडे क्षार असल्याने वीज वाहते आणि लोखंड गळते. क्षार काढलेल्या पाण्यात ती वाहतच नाही. दोन चिमटी मीठ त्याच्या पेल्यात टाकून प्रयोग पुन्हा करायला सांगा, मग त्याची घाई बघा.

शहरातला खरा धोका बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचा, म्हणजे जिवंत असतो, आणि तो नळातूनच येतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी, नांदेड गाव या भागांत हातापायांतली शक्ती जाणारे रुग्ण एकामागून एक रुग्णालयांत येऊ लागले. आजाराचे नाव गियाँ-बारे. रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. पोटात आधी कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू जाऊन जुलाब होतात, आणि त्याच्याशी लढता लढता शरीर स्वतःच्याच नसांवर उलटते, असा हा प्रकार. रुग्णांच्या तपासणीत तो जंतू सापडला आणि बोट दूषित पाण्याकडे गेले. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, तीही पाण्यातूनच. आणि दिल्लीतली १९५५-५६ ची काविळीची साथ तर जगभरच्या पुस्तकांत गेली आहे. यमुनेने पात्र बदलले, नजफगडच्या नाल्याचे मैलापाणी उलटे सरकून उपशाच्या ठिकाणी आले. अधिकाऱ्यांनी क्लोरीन वाढवले, त्यामुळे विषमज्वर वाढला नाही. पण विषाणू टिकला आणि सुमारे २९ हजार लोक पिवळे पडले. क्लोरीन गढूळ पाण्यात पुरे पडत नाही, हा धडा तेव्हापासूनचा.

पाणी केंद्रातून निघते तेव्हा चांगले असते, बिघडते वाटेत. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसते. पाणी गेल्यावर नळ सोडून पाहा, 'सूऽऽ' असा आवाज येतो. नळ हवा आत ओढत असतो. रस्त्याखाली त्या वाहिनीला चीर असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर तिथे ती हवा ओढत नाही, गटार ओढते. त्यात वरच्या मजल्यावरच्या मंडळींनी वाहिनीला थेट मोटार लावली असेल तर विचारूच नका. म्हणून पाणी आल्यावर पहिली दोन-चार मिनिटे वाहू द्यावे आणि ते पिण्याला घेऊ नये, ही जुन्या लोकांची सवय अगदी बरोबर होती.

या वाटेवरचा पहारेकरी म्हणजे पाण्यात उरलेले थोडेसे क्लोरीन. लिटरला ०.२ मिलिग्रॅम एवढे तरी ते घरच्या नळाला हवे. "आज पाण्याला औषधाचा वास येतोय" अशी तक्रार करणाऱ्यांना माझे सांगणे असते, की तो वास यायचा बंद होईल त्या दिवशी तक्रार करा. खेड्यात हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली टीसीएल पावडर लागते आणि पाणी वापरण्यापूर्वी तासभर जाऊ द्यावा लागतो. चांगली हा शब्द महत्त्वाचा. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडे टाकलेल्या पोत्यातले क्लोरीन पावसाळ्यापूर्वीच उडून गेलेले असते आणि विहिरीत पडतो तो नुसता चुना. जलसुरक्षक थेंबभर ओटीचे द्रावण टाकतो, पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळते. ही पद्धत चांगलीच आहे. फक्त कार्डाचा रंग मुख्यतः स्रोताभोवतीची घाण, गळती आणि पावडरीचा साठा यांवर ठरतो. हिरवे कार्ड भिंतीवर लावलेल्या गावच्या पाण्यातही फ्लोराइड असू शकते. घरातल्या आरओचेही लक्षात ठेवावे, की ते क्लोरीनही काढून टाकते. त्या पाण्याला पुढे पहारा नाही. ते ज्या बाटलीत, ज्या माठात जाते ते भांडे आणि त्यात बुडणारा हात स्वच्छ नसेल, तर यंत्राचे पैसे वाया. लग्नकार्यातल्या थंडगार जारचेही तेच. गार म्हणजे शुद्ध, असा समज कोणी पसरवला कोण जाणे.

तेव्हा यंत्र घेण्यापूर्वी पाणी तपासा. जिल्ह्याला आणि उपविभागाला सरकारी प्रयोगशाळा आहेत, तिथे नाममात्र शुल्कात सामान्य माणसाचे पाणी तपासून मिळते. जलजीवन मिशनखाली २०१९ नंतर गावोगाव महिलांना तपासणीच्या पेट्या वापरायला शिकवले. त्यांत फ्लोराइड आणि नायट्रेटचीही चाचणी असते. जंतूंसाठी ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेत १९८२ मध्ये निघालेली एक छोटी बाटली मिळते. पाणी भरून उबेला ठेवायचे. दीड-दोन दिवसांत काळे पडले, तर त्यात मैल्याचा अंश आहे.

प्रयोगशाळेत मात्र दोन बाटल्या न्याव्या लागतात, आणि दोन्हींची रीत वेगळी. जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक करून आणायची. ती विसळायची नाही. आतले चिमूटभर औषध पाण्यातले क्लोरीन मारण्यासाठी असते, ते सांडायचे नाही. नळाचे तोंड पुसून, ज्योतीने तापवून, पाणी थोडे वाहू देऊन ती भरायची, आतल्या बाजूला बोट लागू द्यायचे नाही, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. रसायनांसाठी साधा लिटरभराचा प्लॅस्टिकचा डबा चालतो. तो त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरावा, वर गावाचे, स्रोताचे नाव आणि तारीख लिहावी. त्याला बर्फ लागत नाही, आणि दोन-चार दिवस उशीर झाला तरी त्यातले फ्लोराइड कुठे जात नाही.